जुळ्यांचे बाळंतपण आणि भूलतज्ज्ञ : एका प्रसूती रुग्णालयातील वेदनाशमन सेवेविषयी सविस्तर अभिप्राय

प्रसूतीसाठी रुग्णालय निवडताना आपल्याकडे डॉक्टर कोण आहेत, खोली कशी आहे, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची सोय आहे का आणि एकूण खर्च किती येईल, एवढे प्रश्न बहुतेक घरांत विचारले जातात. भूल कोण देणार आणि ती व्यक्ती रात्री-अपरात्री इमारतीत हजर असणार की फोन केल्यावर घरून निघणार, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. पोटात जुळी असतील तर माझ्या मते तो सर्वांत आधी विचारायला हवा. पुण्यातील एका खासगी प्रसूती रुग्णालयात माझी जुळ्यांची प्रसूती झाली. तेथील भूल आणि वेदनाशमन सेवेविषयीच मी येथे लिहीत आहे. जेवण, स्वच्छता आणि खोल्या यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. काही तक्रारी असल्यामुळे रुग्णालयाचे नाव दिलेले नाही. त्या तक्रारी मी व्यवस्थापनाला लेखी कळवल्या आहेत.

माझ्या गर्भारपणाची थोडी माहिती देणे आवश्यक आहे, कारण जुळ्यांची सगळी प्रकरणे सारखी नसतात. माझ्या दोन्ही बाळांची वार वेगळी होती आणि पिशव्याही वेगळ्या होत्या. शेवटच्या सोनोग्राफीत पहिल्या बाळाचे डोके खाली होते आणि दुसरे बाळ पायाळू होते. जुळी आहेत आणि त्यातले एक पायाळू आहे म्हणजे सिझरच होणार, असे घरातील सर्वांनी गृहीत धरले होते. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मात्र २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाची माहिती दिली. त्यात २५ देशांतील सुमारे २,८०० स्त्रिया होत्या आणि सर्वांच्या पहिल्या बाळाचे डोके खाली होते. ज्यांचे सिझर आधीपासून ठरवले होते त्यांच्या गटात बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा होण्याचे प्रमाण २.२ टक्के, तर ज्यांची नैसर्गिक प्रसूती ठरवली होती त्यांच्या गटात १.९ टक्के होते. म्हणजे सिझर ठरवून केल्याने बाळांचा फायदा झाल्याचे दिसले नाही. त्याच अभ्यासातील दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटला. नैसर्गिक प्रसूती ठरवलेल्या स्त्रियांपैकी जवळपास ४४ टक्के स्त्रियांचे शेवटी सिझर झाले आणि सुमारे चार टक्के स्त्रियांच्या बाबतीत पहिले बाळ नैसर्गिक रीतीने जन्मल्यावर दुसऱ्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. याचा सरळ अर्थ असा, की जुळ्यांची आई 'नॉर्मल'चा निर्णय घेऊन लेबर रूममध्ये गेली तरी तिला शस्त्रक्रियेची भूल लागण्याची शक्यता पुष्कळ असते आणि ती कोणत्या मिनिटाला लागेल हे आधी सांगता येत नाही.

या रुग्णालयाची सर्वांत चांगली बाजू येथूनच दिसू लागली. जुळी किंवा तिळी असलेल्या प्रत्येक स्त्रीची सुमारे ३४व्या आठवड्यात भूलतज्ज्ञांशी स्वतंत्र भेट ठरवण्याचा येथे नियम आहे. ही भेट घाईत उरकली गेली नाही. माझी पाठ तपासली, तोंड उघडायला लावून घसा आणि मानेची हालचाल पाहिली, प्लेटलेट्सचा अहवाल पाहिला, कोणत्या औषधांची ॲलर्जी आहे आणि पूर्वी कधी भूल दिली होती का, हे विचारले. जुळ्यांमध्ये रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक असल्यामुळे मला बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेतील ॲस्पिरिनची गोळी सुरू होती. त्यामुळे कंबरेतील भूल देता येणार नाही, असे मला एका ओळखीच्या बाईंनी ठामपणे सांगितले होते. केवळ कमी मात्रेतील ॲस्पिरिनमुळे एपिड्यूरल, म्हणजे कंबरेत बारीक नळी बसवून तिच्यातून दिली जाणारी भूल, नाकारले जात नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट केले. रक्त पातळ करणारी हेपॅरिनसारखी इंजेक्शने सुरू असतील तर मात्र शेवटच्या डोसाची वेळ फार महत्त्वाची असते आणि ती भूलतज्ज्ञांना सांगितलीच पाहिजे, हेही त्यांनी सांगितले.

धोके सांगतानाही त्यांनी काही लपवले नाही. ब्रिटनमधील प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेने गर्भवतींसाठी तयार केलेल्या माहितीपत्रकातील आकडे त्यांनी समोर ठेवले. एपिड्यूरल घेतलेल्या साधारण आठपैकी एका स्त्रीला त्याचा पुरेसा उपयोग होत नाही आणि दुसरे उपाय करावे लागतात. पन्नासात एकीचा रक्तदाब लक्षणीय घटतो. शंभरात एकीला सुई मज्जारज्जूभोवतीच्या आतल्या आवरणाला लागल्यामुळे नंतर तीव्र डोकेदुखी होते. आणि सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकणारी नसेची इजा सुमारे तेरा हजारांत एकीला होते. 'काही होत नाही हो, सगळ्या घेतात,' असे म्हणून बोळवण करण्यापेक्षा हे आकडे ऐकल्यावरच मला अधिक धीर आला. धोका किती मोठा आहे हे माणसाला कळले की तो पेलण्याची तयारी करता येते.

सासूबाई माझ्यासोबत होत्या. "कंबरेत सुई घेतली की जन्मभर पाठ धरते म्हणतात," असे त्यांनी विचारले. महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येणारी ही शंका आहे. भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी ती हसण्यावारी नेली नाही. "काकू, टोचलेल्या जागी थोडे दिवस दुखू शकतं, ते खरं आहे. पण पुढे राहणारी कंबरदुखी सुई न घेतलेल्या बायकांमध्येही तेवढीच दिसते. पोटात दोन बाळं वागवल्यावर कंबरेवर भार येतोच आणि दोष मात्र सुईवर जातो," असे त्यांनी शांतपणे सांगितले. सासूबाईंचे समाधान झाले. एपिड्यूरलमुळे सिझरची शक्यता वाढत नाही, हे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसले आहे; कळा देऊन बाळ बाहेर ढकलण्याचा टप्पा मात्र थोडा लांबू शकतो, असेही डॉक्टर म्हणाल्या.

याच भेटीत मला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट कळली. एपिड्यूरल म्हणजे कळांचा त्रास कमी करणारी सोय, एवढेच मी समजत होते आणि सोसण्याची तयारी असेल तर ती टाळता येईल, असाही विचार मनात होता. जुळ्यांमध्ये तिचे काम त्याहून मोठे असते. पहिले बाळ बाहेर आल्यावर गर्भाशयात अचानक मोकळी जागा होते आणि दुसरे बाळ फिरू शकते. ते आडवे झाले किंवा त्याचे ठोके मंदावले, तर डॉक्टरांना हात आत घालून बाळाचे पाय धरून त्याला बाहेर आणावे लागते किंवा लगेच सिझर करावे लागते. कंबरेत आधीच बसवलेली आणि नीट काम करणारी नळी असेल, तर ही हाताळणी आईला असह्य यातना न होता करता येते आणि सिझरची वेळ आली तर त्याच नळीतून जोरकस औषध देऊन साधारण दहा मिनिटांत शस्त्रक्रियेइतकी बधिरता आणता येते. नळी नसेल तर घाईच्या क्षणी पूर्ण भूल देण्याची पाळी येऊ शकते. आणि गरोदर स्त्रीला पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाणे, पोटातील अन्न फुप्फुसात जाणे हे धोके इतरांपेक्षा अधिक असतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नैसर्गिक प्रसूती निवडणाऱ्या जुळ्यांच्या आईला एपिड्यूरल देऊ करावे, असे याच कारणांसाठी म्हटले आहे.

असे असताना रुग्णालयाच्या माहितीपत्रकात आणि बिलात मात्र ही सेवा 'पेनलेस डिलिव्हरी पॅकेज' या नावाने, सजवलेली खोली आणि छायाचित्रांच्या शेजारी ठेवलेली आहे, हे मला अतिशय खटकले. त्याचा प्रत्यक्ष परिणामही झाला. विमा कंपनीकडे गेलेल्या अंदाजपत्रकात ती रुग्णाच्या इच्छेनुसार घेतलेली जादा सोय म्हणून नोंदली गेली आणि त्या रकमेला मंजुरी मिळाली नाही. जुळ्यांमध्ये एपिड्यूरलची वैद्यकीय गरज काय, हे डॉक्टरांनी वेगळ्या पत्रात लिहून दिल्यावरच ती मंजूर झाली. ज्यांच्या घरी असा पाठपुरावा करायला कोणी नाही, त्या स्त्रिया पैसे वाचवण्यासाठी या ठिकाणी काट मारतील, ही भीती मला वाटते. रुग्णालयाने जुळ्यांच्या अंदाजपत्रकात भूल सेवा मूळ खर्चातच धरली पाहिजे.

सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर मला दाखल करून गर्भाशयाचे तोंड मऊ करणारे जेल ठेवून कळा सुरू करण्यात आल्या. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी लेबर रूममध्ये गेल्यापासून बाईला पाण्याचा घोटही मिळत नाही. येथे पाणी आणि मलई नसलेले शहाळ्याचे पाणी थोडे थोडे घेऊ देत होते, मात्र घट्ट अन्न बंद होते. दोन्ही हातांत जाड सुया आधीच लावल्या होत्या आणि रक्तगट तपासून रक्ताची तयारी ठेवली होती, कारण दोन बाळांमुळे ताणलेले गर्भाशय नंतर नीट आवळले नाही तर रक्तस्राव अधिक होतो. कळा नियमित झाल्यावर एपिड्यूरल बसवण्याचे ठरले. अजून सोसवते आहे, थोडे थांबू या का, असे मी विचारले; त्यावर जुळ्यांमध्ये नळी आधी बसवून ती नीट चालते की नाही हे पाहून ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे, असे उत्तर मिळाले आणि पुढे ते खरे ठरले.

नळी बसवताना पलंगाच्या कडेला बसून पाठ बाहेर काढायची आणि हनुवटी छातीला टेकवायची असते. एवढे मोठे पोट घेऊन ते सोपे नव्हते. सिस्टरने समोरून खांदे धरले होते आणि कळ आली की डॉक्टर हात थांबवत होत्या. कातडी बधिर करणारे पहिले इंजेक्शन चुणचुणले. त्यानंतर दाब जाणवला, वेदना नाही. प्रथम चाचणीचा छोटा डोस देऊन छातीत धडधडते का, पाय एकदम जड पडतात का, तोंडाला धातूसारखी चव येते का, हे विचारले गेले, कारण नळी चुकून रक्तवाहिनीत किंवा आतल्या आवरणाच्या आत गेली असेल तर ते तेव्हाच कळते. मग रोपिव्हाकेन आणि फेंटानिल या औषधांचे अगदी सौम्य मिश्रण सुरू झाले. वीस मिनिटांच्या आत कळांची धार गेली. पोट घट्ट होते आहे हे कळत होते आणि पाय थोडे जड झाले तरी हलवता येत होते. पंप ठरावीक वेळाने आपोआप औषध सोडत होता आणि गरज वाटल्यास जादा डोस घेण्यासाठी माझ्या हातात एक बटण दिले होते. ते कितीही वेळा दाबले तरी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक औषध जात नाही.

सुरुवातीला माझा रक्तदाब घटला आणि मळमळू लागले. दोन बाळांचा भार पाठीवर झोपल्यावर मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो, त्यामुळे जुळ्यांमध्ये हे अधिक जपावे लागते. पहिल्या काही मिनिटांत रक्तदाब सतत मोजला जात असल्यामुळे ते लगेच लक्षात आले. मला डाव्या कुशीवर वळवले, एक इंजेक्शन दिले आणि त्रास थांबला. दोन्ही बाळांच्या ठोक्यांचे आलेख वेगवेगळे उमटत होते आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत ना, याकडे सिस्टरचे लक्ष होते. अंगाला थोडी खाजही सुटली होती. फेंटानिलमुळे असे होते, हे आधी सांगितलेले असल्यामुळे मी घाबरले नाही.

मात्र काही वेळाने डाव्या जांघेत कळ पुन्हा जाणवू लागली. उजवी बाजू शांत आणि डावी दुखरी, अशी स्थिती झाली. अशा वेळी रुग्णालयाची खरी परीक्षा होते. कोणीही 'थोडं सोसा' असे म्हटले नाही. निवासी भूलतज्ज्ञ डॉक्टर खालच्या मजल्यावरून काही मिनिटांत आल्या, स्पिरिटचा बोळा दोन्ही बाजूंना लावून गार कुठे लागते ते तपासले, नळी सुमारे एक सेंटिमीटर मागे घेतली, मला दुखऱ्या कुशीवर वळवून डोस दिला आणि पंधरा मिनिटांनी परत येऊन पुन्हा तपासले. तरीही एका बाजूने दुखत राहिले असते तर नळी काढून नवी बसवणार होते, असे त्यांनी नंतर सांगितले. अर्धवट चालणारी नळी एकट्या बाळाच्या प्रसूतीत कदाचित निभावून नेता येते, परंतु जुळ्यांमध्ये ऐन वेळी तिच्यावरच सगळी भिस्त असते. रात्री भूलतज्ज्ञ इमारतीत असणे म्हणजे काय, हे मला त्या वेळी समजले. ज्या छोट्या नर्सिंग होममध्ये बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञांवर काम चालते, तेथील डॉक्टर कितीही निष्णात असले तरी नळी बसवून ते दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर अशी दुरुस्ती कोणी करायची, हा प्रश्न उरतोच.

प्रसूतीची वेळ जवळ आल्यावर मला शस्त्रक्रियागृहात नेले. जुळ्यांची प्रत्येक प्रसूती येथे टेबलावरच करतात, म्हणजे गरज पडली तर हलवण्यात वेळ जात नाही. खोलीत पुष्कळ माणसे होती. दोन बाळांसाठी दोन बालरोगतज्ज्ञ आणि बाळांना ऊब देणारे दोन वेगळे वॉर्मर होते. या गर्दीची कल्पना आधी दिली नसती तर मी नक्कीच दचकले असते. पहिले बाळ येण्याआधीच भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी डोस वाढवला आणि त्या माझ्या डोक्याशी उभ्या राहिल्या. सिझर लागले तर द्यायचे औषध सिरिंजमध्ये भरून ठेवले होते. गर्भाशय सैल करण्याचे दुसरे औषधही हाताशी होते. एपिड्यूरल वेदना थांबवते, पण गर्भाशय सैल करत नाही, त्यामुळे दुसऱ्या बाळाभोवती ते आवळले गेले तर या औषधाची गरज पडते.

पहिली मुलगी व्यवस्थित बाहेर आली. तिचे रडणे ऐकत असतानाच एका डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून दुसऱ्या बाळाला आधार दिला आणि सोनोग्राफीची कांडी फिरवली. पाय खाली होते, परंतु ठोके मंदावू लागले होते. "आता आम्ही बाळाचे पाय धरून त्याला बाहेर घेणार आहोत. दाब जाणवेल. दुखलं तर लगेच सांगा, मी इथेच आहे," असे भूलतज्ज्ञ डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाल्या. मला आत मोठी हालचाल आणि खोल दाब जाणवला. वेदना म्हणता येईल असे काही झाले नाही. कोणाला माझे हातपाय धरावे लागले नाहीत, मी किंचाळले नाही, डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागला नाही. काही मिनिटांत मुलगाही बाहेर आला. ही हाताळणी भूल नसताना सोसलेल्या आधीच्या पिढीतील बायकांचे अनुभव मी माहेरी ऐकलेले आहेत आणि त्यामुळे या मिनिटांचे मोल मला फार वाटते.

दोघांच्याही कागदांवर ॲपगार गुण, म्हणजे जन्मल्याबरोबर बाळाची स्थिती पाहून दिलेले गुण, स्वतंत्रपणे लिहिलेले आहेत. १९५३ मध्ये ही गुणपद्धती प्रसिद्ध करणाऱ्या अमेरिकेतील डॉ. व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ होत्या. आईला दिलेली भूल आणि बाळाची जन्मतःची स्थिती यांचा संबंध भूलतज्ज्ञाच्याच लक्षात यावा, हे स्वाभाविकच आहे.

येथवर मी या सेवेला पूर्ण गुण देईन. त्यानंतरच्या रात्रीविषयी तसे म्हणता येत नाही. टाके घालून झाले, रक्तस्राव आटोक्यात आहे याची खात्री झाली आणि नळी काढली गेली. त्याबरोबर वेदनाशमन सेवाही माझ्यापुरती संपली. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळते तेव्हा मागाहून कळा येतात आणि दोन बाळांनी ताणलेल्या गर्भाशयात त्या अधिक तीव्र असतात. अंगावर पाजताना शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते आणि त्यामुळे त्या आणखी वाढतात. जुळ्यांच्या आईला तर एकामागून एक दोन बाळांना पाजायचे असते. त्या रात्री प्रत्येक पाजण्याला मी उशी दातांखाली धरत होते. रात्रपाळीच्या सिस्टरला सांगितल्यावर, "ताई, नॉर्मल डिलिव्हरी आहे, एवढं तर होणारच," असे उत्तर आले आणि बऱ्याच वेळाने एक पॅरासिटामॉलची गोळी मिळाली. सिस्टर वाईट नव्हती. तिच्या हाती लेखी आदेशच नव्हता. तक्त्यावर 'गरज पडल्यास' एवढेच लिहिले होते आणि गरज किती आहे हे ठरवण्याचे काम वेदना न होणाऱ्या माणसाकडे गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन घड्याळानुसार लिहून दिले आणि दुपारपर्यंत फरक पडला. ही दोन्ही औषधे स्तनपान करताना चालतात आणि ती स्वस्त आहेत. रक्तस्राव, मूत्रपिंडाचा त्रास किंवा आम्लपित्ताचा जुना आजार असेल तर आयब्युप्रोफेनबाबत डॉक्टरांनी विचार करावा लागतो, परंतु ज्यांना अशी अडचण नाही त्यांनाही ते पहिल्या रात्री मिळू नये, याला काही कारण दिसत नाही. ट्रॅमाडॉल या अधिक तीव्र वेदनाशामकाचे इंजेक्शन सर्रास दिले जाते, असेही वॉर्डमध्ये ऐकले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्तनदा मातांनी ट्रॅमाडॉल आणि कोडीन घेऊ नये, अशी सूचना दिलेली आहे, कारण औषधाचा अंश दुधातून बाळात जाऊन त्याला गुंगी येऊ शकते आणि श्वास मंदावू शकतो. जुळी बहुधा लहान आणि थोडी लवकर जन्मलेली असतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यायला हवी.

त्याच मजल्यावर सिझर झालेल्या जुळ्यांच्या एका आईशी बोलणे झाले. तिला कंबरेतील भुलेच्या इंजेक्शनातच अत्यल्प मॉर्फिन दिले होते. त्याचा परिणाम जवळपास दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला, अंगाला खाज सुटली तरी ती उठून बसू शकली आणि तिच्या श्वासावर ठरावीक वेळाने लक्ष ठेवले गेले. मॉर्फिनचा परिणाम ओसरल्यावर मात्र तिचीही माझ्यासारखीच गत झाली. म्हणजे उणीव भूलतज्ज्ञांच्या कौशल्यात नाही; शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर त्यांची जबाबदारी कोणी पुढे घेत नाही, ही खरी उणीव आहे. भूलतज्ज्ञांनी पुढील दोन दिवस एक फेरी मारावी आणि वेदनेची नोंद तापाच्या नोंदीइतकीच नियमित व्हावी, असे मी व्यवस्थापनाला लिहिले आहे.

दुसरी तक्रार संमतिपत्राची आहे. सगळे बोलणे उत्तम मराठीत झाले, पण सही करायचा कागद फक्त इंग्रजीत होता. मला तो वाचता आला. माझ्यानंतर आलेल्या बाईंच्या नवऱ्याने तो न वाचताच सही केली, हे मी पाहिले. धोक्यांचे आकडे इतक्या प्रामाणिकपणे सांगणाऱ्या रुग्णालयाने तेच आकडे छापील मराठीत द्यायला काही अडचण नसावी. मराठी मसुदा तयार करत असल्याचे उत्तर मला मिळाले आहे. वेदनेच्या नोंदीबाबत अजून काही कळलेले नाही.

दोन वेगळ्या वार असलेली आणि पहिले बाळ डोक्याकडून असलेली जुळी पोटात असतील, आणि नैसर्गिक प्रसूतीची इच्छा असेल, तर अशा रीतीने काम करणारे रुग्णालय मी निःशंकपणे सुचवेन. पहिल्या भेटीतच प्रसूतीनंतरच्या रात्रीचे वेदनाशामक वेळेनुसार लिहून देण्याची मागणी करावी आणि एपिड्यूरलची वैद्यकीय गरज सांगणारे पत्र विमा कंपनीसाठी आधीच मागून ठेवावे. एकाच पिशवीत असलेल्या जुळ्यांचे सिझर साधारण ३२ ते ३४ आठवड्यांदरम्यानच करावे लागते आणि तिळ्यांच्या बाबतीतही बाळे बरीच लवकर येतात; त्यांच्यासाठी येथील नवजात अतिदक्षता विभाग मला अपुरा वाटला, म्हणून अशा मातांनी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले मोठे रुग्णालय निवडावे आणि तेथेही ३४व्या आठवड्याची वाट न पाहता भूलतज्ज्ञांची भेट लवकर मागून घ्यावी.